दक्षिणेला अडथळा नाही

अकोला
२८ एप्रिल २०२५

ताई,

पुढे काय मायना लिहावा हे दोन कागद फाडूनही ठरलं नाही, म्हणून एवढंच.

तुझा पत्ता आमच्या ऑफिसातल्या रूपालीकडून मिळाला. मार्चमध्ये ती घरच्यांना घेऊन सेमाडोहला जंगल पाहायला गेली होती. वन विभागाच्या क्वार्टरजवळ एका बाईंनी त्यांना चहा दिला, बोलता बोलता माहेर दर्यापूरकडचं असल्याचं सांगितलं. रूपाली परत आल्यावर मला म्हणाली, त्या बाई हसताना अगदी तुझ्यासारख्या दिसतात. मी म्हटलं, असतील. चार दिवसांनी तिच्याकडून क्वार्टरचा नंबर विचारून घेतला. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, आणि का बंद आहे ते मला माहीत आहे. फाट्यावरच्या त्या दिवसाबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही.

कामाचं लिहिते.

बाबांची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. कारण विचारलं तर डॉक्टर म्हणाले, कारण सापडलं तरी औषध तेच. फेब्रुवारीपासून घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं, नाकात नळी लावायची, दिवसाचे निदान सोळा तास. मशीन विजेवर चालतं, साडेतीनशे वॅट. आपल्या शेतातल्या घराला वीज कशी असते ते तुला माहीत आहे. एप्रिलच्या सत्तावीस दिवसांत ती एकूण एक्क्याण्णव तास नव्हती. मी वहीत लिहून ठेवते. वीज गेली की सिलिंडर लावायचा, तो दहा-बारा तास पुरतो, आणि दुसरा दर्यापूरहून येईपर्यंत आई त्याच्या काट्याकडे बघत बसते.

तू गेलीस तेव्हा मी बारावीला होते, त्यामुळे तुला कदाचित माहीत नसेल, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि सौर पॅनल बसवण्याचं काम करते. घरी सहा पॅनल आणि एक बॅटरी बसवायची ठरवली आहे. मग मशीन थांबणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी बाबांनी भावकीला बोलावून, विहिरीवर तुझ्या नावानं आंघोळ केली. माणूस गेल्यावर करतात तशी. हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. त्यानंतर घरात तुझं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वर्षभर, फार तर थोडं वर. आईला हे सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण तू येऊन बाबांना भेटावंस असं मला वाटतं. हे एक वाक्य लिहायचं होतं, बाकीचं त्याच्यामागे आलं.

पॅनलचं काम मार्गी लागलं की हे पत्र टाकते. म्हणजे तू येशील तेव्हा घरात घाबरण्यासारखं काही नसेल.

प्रणाली


शेत
२५ मे २०२५

ताई,

पहिलं पत्र अजून बॅगेत आहे. जागेचं ठरलं की दोन्ही एकदम टाकते.

घर तुला आठवतं तसंच आहे. पश्चिमेला कडुलिंब, मागे उत्तरेला विहीर, पुढे दक्षिणेला अंगण आणि अंगणाच्या टोकाला टिनाचं शेड. शेडच्या पुढे सोयाबीनचं वावर, त्याच्या पलीकडे दर्यापूरचा रस्ता. बाबा दिवसभर शेडमध्ये असतात. मशीन मधल्या खोलीत आहे, पंधरा मीटर नळी ओसरीतून शेडपर्यंत पुरते. खाट दक्षिणेला तोंड करून टाकलेली. घरात गुदमरल्यासारखं होतं म्हणतात.

पॅनल कुठे लावायचे याचा मी तीन दिवस अभ्यास केला. घराच्या छपराची लाकडं जुनी आहेत, वजन घेणार नाहीत. मागे घराची आणि लिंबाची सावली. शेडवरच टाकावेत तर खाऱ्या मातीनं शेडचे खांब बुडाशी खाल्ले आहेत, बोटानं पापुद्रे निघतात. राहिली शेडची जागा. शेड उचलून घरामागे न्यायचं आणि तिथं पॅनल उभे करायचे.

आमचा फिटर श्याम, जुन्या शहरातला, माझ्याहून वयानं मोठा आणि कामात पक्का. त्यानं विचारलं, मॅडम, शेड हलवण्यापेक्षा नवे उंच खांब टाकून पॅनलचंच छप्पर केलं तर? मी म्हटलं, होईल, पण उंच सांगाडा बनवून यायला तीन आठवडे जातील, आणि काळ्या मातीतला पाया पावसाआधी भरायला हवा. हे खरं होतं. पाऊस पडला की आपली माती फुगते, कच्चा पाया उचलून टाकते. श्याम शेडचे खांब मोजायला गेला.

बाबांनी मात्र सरळ सांगितलं, शेड हलणार नाही. मी कारण विचारलं.

"मले तिथं हवा लागते."

मी म्हटलं, हवा आता मशीनमधून येते, बाबा, कुठेही बसलं तरी तेवढीच.

"मशीनची हवा अन् वावराची हवा एक असते काय वं, इंजिनेर बाई?"

आई हसली. मी नाही हसले. मी त्यांना आकडे दाखवले. कुठल्या महिन्यात किती युनिट, सावली पडली तर किती कमी, किती तासांची तूट. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून पूर्ण वाचला आणि घडी करून उशीखाली ठेवला. "चांगलं लिवलं हाय," म्हणाले. एवढंच.

आज आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, वर्षातून दोनदा येतो तसा. बारा अठराला मी अंगणात सळई उभी रोवली. सावली दिसेना. बाबा खाटेवरून पाहत होते.

"गेली कुठं?"

"पायाखाली."

"म्हंजे आजच्या दिवस मानूस एकटाच."

मग सावली तपासायचा फोटो घेतला. हा फोटो भोवतालचं सगळं क्षितिज एका पट्टीत दाखवतो, म्हणजे कुठल्या बाजूला काय आडवं येतं ते कळतं. तो पॅनलच्या जागेवरून घ्यावा लागतो, म्हणून बाबांना उठवून मी त्यांच्या खाटेवर बसले. अहवालात लिहिलं: पश्चिमेला झाड, उत्तरेला घर, दक्षिणेला अडथळा नाही.

प्रणाली


शेत
१४ जून २०२५

ताई,

शेड हलवलं.

१ जूनला बाबांना कफ वाढून ताप आला, अमरावतीला भरती करावं लागलं. नऊ दिवस. आई त्यांच्याजवळ होती. मृगाला आठवडा उरला होता, म्हणून मी आईला फोन करून विचारलं, शेडचं काम उरकून घेऊ का.

"त्याइले इचारलं काय?"

"ते नाही म्हणतील."

"मंग मले काहून इचारून राहिली?"

मी याचा अर्थ होकार असा घेतला.

शेडचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, कापावे लागले. टिनाचे पत्रे बावीस. प्रत्येकावर मी खडूनं आकडा घातला, म्हणजे मागे त्याच क्रमानं चढतील. चढले. सडलेले खांब बुडाशी कापून जोड दिले, शेडपुरते ते चालतात. तुझी जुनी सायकल मागच्या आढ्याला टांगलेली होती, तीही तशीच नेऊन टांगली. तिच्या साखळीला तेल होतं. ताजं. कुणी लावत असेल ते मी आईला विचारलं नाही.

पॅनलचा पाया पाच फूट खाली नेला, खाऱ्या मातीसाठी खांबांना वरून लेप दिला. पॅनल जमिनीपासून तीन फुटांवर सुरू होतात आणि मागच्या बाजूला सात फुटांपर्यंत चढतात, दक्षिणेकडे तोंड करून. ९ जूनला संध्याकाळी सगळं सुरू झालं. काम स्वच्छ झालं आहे. हे मी माझं म्हणून सांगत नाही.

१० तारखेला बाबा जीपनं आले. उतरले, थांबले. पॅनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले, काचेवर हात ठेवला. "गरम हाय," म्हणाले. मग विचारलं, खाट कुठे टाकली. मी त्यांना मागे नेलं. शेड, पत्रे, खाट, सगळं जसंच्या तसं होतं, फक्त समोर घराची मागची भिंत होती. ते बसले. बराच वेळ भिंतीकडे पाहिलं.

"भित पाहाले चांगली हाय," म्हणाले.

मला वाटलं, टोमणा आहे, दोन दिवसांत निवेल.

तुला हे सगळं लिहून ठेवते आहे. पोळ्याला घरी येईन तेव्हा सगळी पत्रं एकत्र करून टाकीन.

प्रणाली


शेत
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

परवा पोळा झाला. आपल्याकडे आता बैल नाहीत, आईनं मातीच्या जोडीची पूजा केली आणि पुरणाची पोळी बाबांपुढे ठेवली. त्यांनी अर्धी खाल्ली.

आता चांगली बातमी. ११ तारखेला वादळानं खांब पडले आणि गावात एकोणीस तास वीज नव्हती. आपल्या घरी मशीन एक मिनिटही थांबलं नाही. सगळं मला फोनवर दिसतं, अकोल्यात बसून. बॅटरी किती, पॅनलमधून किती येतं, घरात किती जातं. मशीन चालू असलं की आकडा ३४० च्या आसपास असतो. मी दिवसातून दहा वेळा तो आकडा पाहते. ३४० म्हणजे बाबा ठीक आहेत. मीटिंगमध्ये असले तरी टेबलाखाली पाहून घेते.

बाबांचं खाणं कमी झालं आहे. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं. शेडमध्ये ते फारसे बसत नाहीत, ओसरीत असतात. ओसरीतून पॅनलची पाठ दिसते, तारा आणि क्लिपा. पाहण्यासारखं तिथं काही नाही. काल त्यांनी मला विचारलं, "हे नळी वाढवून भेटते काय?"

मी विचारलं, किती.

त्यांनी बोटानं पॅनलच्या पलीकडे दाखवलं. "थ्या तिथलोक."

मी टेपनं मोजलं. मशीनपासून ओसरी, ओसरीतून पॅनलला वळसा घालून वावराच्या बांधावरचा धुरा, चोवीस मीटर. नळी लांबली की पुढे पोचणारा प्रवाह कमी होतो, मशीनच्या पुस्तकात पंधरापर्यंतच दिलं आहे. मी त्यांना पुस्तकातलं पान दाखवलं आणि नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. तिथं काय करायचंय हे मी विचारलं नाही. मला वाटलं, सोयाबीन पाहायचं असेल. मी फोनवर सोयाबीनचे फोटो काढून आणून दाखवले. त्यांनी पाहिले. "शेंगा भरल्या," म्हणाले.

ताई, मी तुला ये असं चार महिन्यांपूर्वी लिहिलं आणि ते पत्र अजून माझ्याकडेच आहे. ते न टाकायला आता कामाचं कारण उरलेलं नाही. खरं कारण हे, की तू आलीस तर पहिल्या पाच मिनिटांत फाट्यावरचा दिवस निघेल.

प्रणाली


शेत
९ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल बाबांनी मला एक गोष्ट विचारली. ती लिहिण्याआधी तो दिवस लिहावा लागेल. तुला तो माहीत आहे, पण अर्धाच.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरचा मंगळवार. दर्यापूर स्टँडवरून तू मला फोन केलास, मी येऊन राहिली, अकरा चाळीसच्या बसनं फाट्यावर उतरते, बाबांना आधी तू सांग. मी त्यांना सांगितलं नाही. मी फाट्यावर गेले. तू पिवळ्या साडीत होतीस, एका हातात पिशवी आणि एका हातात चार-पाच वर्षांची मुलगी. मी तुला म्हटलं, बाबांनी सांगितलंय, उंबरा ओलांडू द्यायचा नाही. तू विचारलंस, तेच म्हणाले? मी म्हटलं, हो. तू रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिलीस आणि पंचवीस मिनिटांनी परतीची जीप आली.

बाबा असं काही म्हणाले नव्हते. तू आल्याचं त्यांना मी कळवलंच नव्हतं.

त्या रविवारी अकोल्याचे लोक मला पाहायला येणार होते. त्यांनी मध्यस्थाकरवी आधीच विचारलं होतं, घरात कुणी जातीबाहेर लग्न केलं आहे का. आम्ही नाही सांगितलं होतं. म्हणून. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नव्हतं. त्यांनी नंतर माझ्या उंचीवरून नकार कळवला.

तुझ्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. धर्मपालभाऊजी कसे आहेत तेही नाही. त्यांना भाऊजी मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता कालचं. मी बाबांची नळी बदलत होते. ते सहज बोलावं तसे म्हणाले, "दोन वर्षांमागं फाट्यावर एक बाई उतरली होती. पिवळ्या साडीतली. संगं लेकरू होतं. तू गेलती तिच्याजवळ. कोन होती थे?"

माझ्या हातात नळी होती. शेडमधून फाटा दिसत होता, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, शाळेतल्या मॅडम होत्या, पत्ता विचारत होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"मंग भेटला काय तिले पत्ता?"

"हो."

"बरं झालं."

त्यांनी नळी माझ्या हातून घेतली आणि स्वतः नाकाला लावली.

मला एकदा संधी मिळाली होती आणि ती पुन्हा समोर आणून ठेवली गेली होती. मी दुसऱ्यांदाही तेच केलं. उद्या सोमवार आहे. उद्या सगळी पत्रं टाकते.

प्रणाली


शेत
११ डिसेंबर २०२५

ताई,

उद्या टाकते असं लिहिलं, त्याला अठरा दिवस झाले तेव्हा बाबा गेले. गुरुवार, २७ नोव्हेंबर. आईनं तुला फोन लावला तेव्हा मी शेजारी उभी होते. तुझा आवाज फोनच्या बाहेर येत होता.

"मह्या नावाची आंघोळ झाली ना वं, आई. मेलेलं मानूस मयतीत कसं येईन?"

तू बोलणं बंद केल्यावरही आईनं फोन बराच वेळ कानाला लावून ठेवला होता. तू चुकीचं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला जे सांगितलं गेलं, त्यावरून ते बरोबरच होतं. जे सांगितलं गेलं तेच खोटं होतं. मागची पाचही पत्रं या पाकिटात आहेत, तारखा खऱ्या आहेत, एकही ओळ बदललेली नाही. त्यात काय आहे ते वाचशीलच. त्यात नाही ते इथे लिहिते.

त्या दिवशी मी अकोल्यात ऑफिसात होते. अकराला फोन पाहिला, ३४०. सव्वाअकराला ३४१. बॅटरी चौऱ्याण्णव टक्के. मी फोन ठेवला आणि काम करत राहिले. आई विहिरीवर होती. बाराच्या सुमारास ती पुढे आली तेव्हा ओसरी रिकामी होती. बाबांनी प्लास्टिकची खुर्ची ओढत पॅनलच्या पलीकडे धुऱ्यावर नेली होती. नळी पुरली तिथपर्यंत लावून नेली असावी. मग ती काढून पॅनलच्या शेवटच्या खांबाला नीट गुंडाळून ठेवली, जमिनीला लागू नये अशी. मशीन आत चालू होतं. नळीच्या टोकाला कुणी नव्हतं, आणि मला आकडा बरोबर दिसत होता.

त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. त्या दिवशी बस वेळेवर येऊन गेली होती.

डॉक्टर म्हणाले, आजार शेवटापर्यंत आला होता, नळी असती तरी आठवडा, फार तर दोन. मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले की काय, हे मला ठरवता येत नाही.

तेरावं झालं, माणसं गेली. मग आई आणि मी ओसरीत बसलो असताना ती आपण होऊन बोलली. मी ते जसं ऐकलं तसं लिहिते.

"तुह्या बाबाले सारं दिसत होतं तिथून. ते उतरली, तू गेली, थे वापस गेली. दोन सालापासून रोज अकरा वाजले की खाटेवर उठून बसत होते. बस गेली की मंगच जेवत. मी इचारलं, फोन करा ना मंग पोरीले. तं मले म्हने, आंघोळ केली मी, मैना, चार मानसाइत. ज्याच्या नावानं आंघोळ केली त्याले हाक नाई मारता येत. ते आपल्या पायानं आलं, तं आंघोळ फिटते. एकडाव आली हाय, आनखी येईन."

मी विचारलं, शेड हलवलं तेव्हा त्यांनी मला हे का सांगितलं नाही.

"तुले सांगतलं असतं तं तुले कळलं असतं ना, का त्याइनं तुले पाह्यलं."

आणि मग तिनं शेवटचं सांगितलं. शाळेतल्या मॅडमचं मी सांगितलं, त्या रात्री बाबा तिला म्हणाले होते, "परनालीले इचारलं आज. नाई बोलली. भेली असन. तू तिले काई म्हनू नको. तिचं ते सांगन कधी तरी."

आई म्हणाली, "मी नाई म्हनलं काई."

मी उठून माझ्या लॅपटॉपवर मे महिन्याचा अहवाल उघडला. त्यात तो क्षितिजाचा फोटो आहे, बाबांच्या खाटेवर बसून घेतलेला. पश्चिमेला लिंब, उत्तरेला घर. दक्षिणेला वावर, आणि वावराच्या शेवटी, पट्टीच्या अगदी मधोमध, फाट्यावरचा थांबा. मोठं करून पाहिलं तर पाटीही दिसते. मी तो फोटो त्या एका महिन्यात निदान वीस वेळा पाहिला होता. मला सावली शोधायची होती, म्हणून मी फक्त सावली पाहिली.

त्यांना श्वास मिळावा म्हणून मी सगळं केलं, हे खरं आहे. त्यांच्या आणि फाट्याच्या मधे दोनदा मीच उभी राहिले, एकदा स्वतः आणि एकदा सहा पॅनल घेऊन, हेही खरं आहे. दोन्ही लिहिल्याशिवाय हिशेब लागत नाही.

तुला बाबांनी कधीच परत पाठवलं नाही, ताई. तुझी सायकल तेच तेल लावून ठेवत होते.

मी माफी मागत नाही. ती मागण्याची वेळ होती तेव्हा मी पत्रं बॅगेत ठेवली. आज दर्यापूरला जाऊन हे स्पीड पोस्टानं टाकते आहे, पोचपावतीसह. आई सोबत येते म्हणाली. टाकलं की नाही ते तिला डोळ्यांनी पाहायचं आहे.

प्रणाली


शेत
१८ जानेवारी २०२६

ताई,

पोचपावती आली. सही तुझी आहे, नावातल्या 'ग'ला तू अजूनही तशीच लांब शेपटी काढतेस. आईनं ती पावती देव्हाऱ्यात ठेवली आहे. तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी ते मागत नाही. फक्त काय झालं ते कळवते.

पॅनल उतरवले. श्यामला फोन करून म्हटलं, मे महिन्यात तू म्हणाला होतास तसं करायचं आहे. तो म्हणाला, करू ना मॅडम. उंच सांगाडा तीन आठवड्यांनी आला, उभा करायला आठ दिवस लागले. आता खांब नऊ फूट आहेत आणि छप्पर पॅनलचंच आहे. खाली सावली असते, समोर सगळं मोकळं. वीज पूर्वीइतकीच तयार होते. कुठलाच आकडा कमी झाला नाही. मी तीनदा तपासला.

मशीन परत केलं. घरात आता फक्त दिवे, पंखा आणि फ्रिज. फोनवरचा आकडा मी काढून टाकला आहे.

टिनाचं शेड मागेच आहे, सायकल तिथून पुढे आणली. आईनं खाट जुन्या जागी टाकायला लावली. माझ्या हातात टेप होता, पण तिनं मोजू दिलं नाही, पायानं चाचपून म्हणाली, इथं. खाटेच्या पायांनी पडलेले चार खड्डे मातीत अजून होते. पाऊस होऊन गेला तरी बुजले नव्हते.

ती सकाळचं आवरून अकराला तिथं येऊन बसते. हरभरा निवडते, नाहीतर नुसती बसते. बस गेली की आम्ही जेवतो. काल तिनं मला विचारलं, लेकीच्या लेकीचं नाव काय. मी म्हटलं, मला माहीत नाही. म्हणाली, मंग इचार ना लिवून. म्हणून विचारते आहे.

फाट्यावरून पाहिलंस तर आता घराआधी पॅनल दिसतात, दुपारी चकाकतात. त्यांच्याच खाली खाट आहे. काल आई आत गेल्यावर मी तिथं बसून पुन्हा तो फोटो घेतला. अहवाल कुणाला द्यायचा नव्हता. तरी लिहिला.

पश्चिमेला झाड. उत्तरेला घर. दक्षिणेला अडथळा नाही.

प्रणाली